पुसणीचा काठ

निरगुडवाडीच्या खालच्या अंगाला धाकटी नदी वळण घेते आणि त्या वळणाच्या पोटात गाळाचा एक ऐसपैस काठ आहे. तुम्ही दुपारी आलात तर नाक मुरडाल. गळ्यापर्यंत चिखलात माखलेली वीसेक पोरं, जिकडेतिकडे उकरलेल्या विहिरी, पाट, भिंती खचलेली घरं, एकमेकांना मारलेले गोळे, आणि पावलांचा तर नुसता बुजबुजाट. पण गुरं परतायच्या वेळेला या. पहिल्या गाईच्या गळ्यातली घंटा वर पाणंदीत वाजली की कुठलं तरी पोर ओरडतं, "पुसणी!" आणि खेळ जिथल्या तिथे थांबतो. ज्याची विहीर तो बुजवतो, ज्याचं घर तो मोडून सपाट करतो. मग हातात निरगुडीची डहाळी घेऊन पोरं पाठमोरी मागे सरकत आपापली पावलं पुसत येतात, ती थेट पाण्यापासून पाणंदीच्या वाटेपर्यंत पसरलेल्या त्या लांबट काळ्या शिळेपर्यंत. तिथे हातपाय धुतात, मोठी पोरं धाकट्यांची नाकं पुसतात आणि सगळी घरी जातात. मागे काठ असा राहतो की आज तिथे कोणी आलंच नव्हतं असं वाटावं. मधली एक गोष्ट मात्र मी गाळली. ती शेवटी सांगतो.

तिथे मोठं माणूस दटावायला उभं नसतं. त्यामुळे पाहुण्यांना हे कोडं पडतं. मागे एक मास्तर नव्याने गावात आले, त्यांची तर पहिल्याच आठवड्यात खात्री झाली की पोरांनी काहीतरी चोरलंय आणि आता खुणा मिटवताहेत. दोन दिवस त्यांनी झाडाआड बसून पाळत ठेवली. तिसऱ्या दिवशी सहा वर्षांच्या एका मुलीने त्यांच्या हातात डहाळी दिली आणि झाडाआडची त्यांची पावलं त्यांनाच पुसायला लावली. मास्तर पुढे गावात नऊ वर्षं राहिले, पण झाडाआड पुन्हा कधी बसले नाहीत.

तर हे कशामुळे, ते ऐका. आमच्या आधीच्यांनी जसं सांगितलं तसंच सांगतो, पदरचं काही घालत नाही. थोडंफार घातलं असेल तर ते त्यांनी घातलं असेल.

असे सांगतात की फार पूर्वी या गावाला वेस होती, पण गावकूस नव्हतं. गावाची राखण म्हणजे शिदू जागल्याचे दोन डोळे. त्या काळी मागाचा कायदा होता. कुठे चोरी झाली की चोराच्या पावलांवरून माग काढत लोक निघायचे. तो माग ज्या गावच्या शिवेत शिरला आणि बाहेर पडलेला दिसला नाही, त्या गावाने चोरीचा जाब द्यायचा. म्हणून प्रत्येक गावाला असा एक माणूस लागायचा की जो धुळीतून, गवतातून, दगडावरून माग ओळखेल आणि शिवेबाहेर काढून दाखवेल. निरगुडवाडीत हे काम शिदूचं होतं, आणि पंचक्रोशीत त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता.

शिदूला म्हणे माणसाचा चेहरा ध्यानात राहत नसे, पाऊल राहत असे. पाहुणा आला की तो आधी पायांकडे बघायचा आणि मग रामराम घालायचा. पाटलाची लेक माहेरी आली तेव्हा अंगणात उमटलेली तिची पावलं बघून त्याने पाटलीणबाईंना सांगितलं, "वैनी, बाळंतविड्याच्या तयारीला लागा." लेकीने तोवर नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नव्हतं. अशा माणसाला थोडा ताठा असायचाच. शिदूला जरा जास्तच होता.

या शिदूला पोरांचा भारी नाद. त्याचा मुलगा मिठाचे बैल घेऊन कोकणात जायचा तो महिना महिना परतत नसे. घरात सून राही आणि चार वर्षांची नात सगुणी. दुपारी गस्त नसली की शिदू सगुणीला खांद्यावर घेऊन या काठावर यायचा आणि गावच्या पोरांना जमवून चोरांच्या हिकमती शिकवायचा. चोर उलटा चालतो, म्हणजे गेलेला माणूस आलेला वाटतो. एक चोर दुसऱ्याला पाठुंगळी घेतो, म्हणजे दोघांचा एकच माग उमटतो. चोर दुसऱ्याच्या वहाणा घालतो. चोर पाण्यातून चालतो. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, चोर हाकेला ओ देत नाही, मग हाक मारणारा कोणी का असेना.

पोरांनी याचाच खेळ केला. एकाने चोर व्हायचं, बाकीच्यांनी नदीकडे तोंड करून डोळे मिटायचे, आणि मग चोराचा माग काढायचा. संध्याकाळी शिदू स्वतः काठावर बसून दिवसभराचा गुंता उलगडायचा. "ही हैबती गेला. हितं त्यो तुळशीच्या पाठुंगळी बसला. हितं दोघं पडली आन् भांडली." पोरं थक्क व्हायची. क्वचित एखाद्याची हिकमत त्यालाही उमगत नसे. मग तो हसून "हरलो बाबा" म्हणायचा आणि कंबरेच्या पिशवीतून त्या पोराला गुळाचा खडा काढून द्यायचा. शिदूला हरवणं म्हणजे पोरांना गड जिंकल्याचा आनंद.

फक्त खेळ झाला की आवरायचं, हे त्याने कधी शिकवलं नाही. विहिरी तशाच, पाट तसेच, आणि अंगावरचा अर्धा काठ घेऊन पोरं घरोघर जायची. आयांनी चुलीपुढून कपाळाला हात लावायचा. एकदा पाटलाच्या गाईचा पाय विहिरीत गेला तेव्हा दोन दिवस गावात कुरबुर झाली, मग विरली. शिदूचं म्हणणं एकच असायचं, "नदी हाय की पुसायला. एक लोंढा आला की कोरं करून जाती."

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्याच्या आदल्या दिवशी राहीने अंगण सारवलं होतं. ओलं होतं तोवरच सगुणी त्यावरून उंबऱ्यापासून तुळशीवृंदावनापर्यंत उलटी चालत गेली आणि तिथे लपून बसली. राही बाहेर येऊन बघते तो सगळ्या सारवणावर पावलांची रांग. शिदूने ती पावलं बघितली, मुद्दाम उलट्या बाजूला जाऊन घरात शोधल्यासारखं केलं आणि मोठ्याने म्हणाला, "हरलो!" सगुणी वृंदावनामागून नाचत बाहेर आली आणि तिने हात पुढे केला.

"मामंजी, गूळ द्या, माझं काय न्हाई," राही म्हणाली. "पर ज्यानं मांडलं त्यानं उचलायचं, हे बी शिकवा की तिला. आता हे अंगण कुणी सारवायचं?"

"लेकरू हाय गं. सारवतो मी," शिदू म्हणाला. त्याने सारवलं नाही. राहीनेच पुन्हा सारवलं.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर घाटाकडे आभाळ काळं झालं. इथे पावसाचा थेंब नव्हता, पण घाटात कोसळलं की तासा-दोन तासांत इकडे नदी फुगते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तशी ती शेंबडी पोरं खेळ टाकून घरोघर पळाली. राही दारात उभी होती. सगळी आली. सगुणी आली नाही.

सगुणी कुठे, म्हणून विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं. हैबती म्हणाला, ती गंगूपाशी होती. गंगू म्हणाली, ती तर आज खेळात नव्हतीच. तिसरा म्हणाला, होती, ती विहिरीची राखण करत होती. चौथा म्हणाला, तिला आई घेऊन गेली, मी बघितलं. तिची आई तर समोरच उभी होती. पोरांपैकी कोणी खोटं बोलत नव्हतं. जो तो तिला दुसऱ्याच्या हवाली समजून पळाला होता. तुळशी तेवढी काही बोलली नाही. नऊ वर्षांची तुळशी, पाटलाच्या गुराख्याची मुलगी, सगळ्यांत मागे उभी होती.

शिदू वेशीवरून आला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि तो घाबरला नाही. राहीला उलट दटावलं. "रडतीस कशाला? माझ्या नातीचा माग मला काढायचा हाय. हे बघ, गेलो आन् आलो."

तो काठावर उतरला. सगुणीचं पाऊल तो झोपेतसुद्धा ओळखेल असं होतं. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती, त्यामुळे डावं पाऊल चारच बोटांचं उमटायचं. चार पावलं गेला नाही तोच ते दिसलं. तो त्यामागे चालला. पाऊल एका विहिरीभोवती फिरलं, दुसऱ्या विहिरीकडे गेलं आणि तिथे नाहीसं झालं. दहा हात पलीकडे पुन्हा दिसलं, पण भलत्याच दिशेने आलेलं. तिथून त्यावर हैबतीचं पाऊल पडलेलं, त्यावर आणखी कोणाचं, त्यावर चिखलाचा गोळा फुटलेला. शिदू वळला. पुन्हा तेच चार बोटांचं पाऊल, आता घराच्या मोडक्या भिंतीवरून गेलेलं. हे आजचं की कालचं? कालचे खड्डे, परवाचे पाट, आजची पावलं, सगळं एकमेकांत मिसळलं होतं. कुठे पोरं सरळ चालली होती आणि कुठे उलटी, त्याचा पत्ता लागेना.

आणि मग त्याला भलतंच काही दिसलं. समोर त्याच्या स्वतःच्या वहाणांचा माग होता. टाचेला तिरका टाका घातलेली जुनी वहाण, त्यानेच घातलेला टाका. तो माग शिळेकडे जात होता आणि शिळेपलीकडे सरळ पाण्यात. शिदू तिथेच थांबला. आपण आज इथे आलो होतो? सकाळपासून तर आपण वेशीवर होतो. होतो ना? त्याने आपले पाय बघितले. पायांत नव्या वहाणा होत्या. तरी त्याची खात्री पटेना. आपणच तिला इथे आणलं आणि विसरलो की काय, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. ज्या माणसाने आयुष्यात दुसऱ्याच्या पावलाबद्दल शंका घेतली नाही, त्याला स्वतःच्या पावलाबद्दल शंका आली.

तोवर गाव धावून आला. काही जण निरगुडीच्या रानात शिरले, काही नदीच्या खालच्या अंगाला पळाले. सगुणी, सगुणी म्हणून हाका सुरू झाल्या. कुठूनच ओ आली नाही. उरलेले काठावर उतरू लागले तेव्हा शिदू ओरडला, "खाली येऊ नका! आधीच मला काय दिसंना!" नदीचं पाणी गढूळ झालं होतं. फेसाची रेघ वर सरकत होती. काठाचा खालचा भाग पावलांसकट तिने गिळायला सुरुवात केली होती. नदी पुसते, हे शिदूचं म्हणणं खरं होतं. फक्त ती कोणाची पावलं ठेवायची आणि कोणाची पुसायची, हे बघत नव्हती.

शिदू मटकन चिखलात बसला आणि म्हणाला, "मला कळत न्हाई. मला कायबी कळत न्हाई."

असं शिदूने म्हटलेलं गावाने कधी ऐकलं नव्हतं. त्याच्याकडे सगळ्यांची कोडी यायची, आता त्याचं कोडं कोणाकडे न्यायचं?

वर पाणंदीच्या तोंडाशी राही उभी होती. ती रडत नव्हती. असे सांगतात की तिने एकदा काठाकडे बघितलं आणि घरात पसारा बघून रोज जे म्हणायची तेच म्हणाली, "ज्यानं मांडलं त्यानं उचलायचं." पुढे होऊन तिने निरगुडीच्या डहाळ्या काड काड मोडल्या आणि एकेका पोराच्या हातात दिल्या. "तू आज कुठं कुठं खेळलास, तुला ठावं हाय का न्हाई? मग तेवढं तुझं पुस. दुसऱ्याचं पुसायचं न्हाई. पुसत पुसत मागं यायचं. पळा!"

पोरं उतरली. कोणी म्हणतात अकरा होती, कोणी एकवीस म्हणतात. मोठ्यांना जो नुसता राडा दिसत होता, त्यातला वीत न् वीत काठ पोरांच्या ओळखीचा होता. ही माझी विहीर. हा माझा पाट, हितं मी घसरलो. ही मारामारी माझी आन् हैबतीची, अर्धी त्यानं पुसायची. विहिरी बुजल्या, भिंती आडव्या झाल्या. मधेच दोघांत वाद झाला की हे घर तुझं की माझं, आणि एरवी दोघंही "माझं" म्हणून भांडली असती ती आता "तुझं, तुझं" म्हणून भांडली. राहीने दोघांना मिळून ते पुसायला लावलं. खालून पाणी चढत होतं आणि त्याच्या पुढे पोरं पुसत वर येत होती. शिदू जागचा हलला नाही, नुसता बघत होता. त्या गुंत्यातला एकेक धागा निघून जात होता.

सगळी पोरं वर आली तेव्हा, शिदूच्या नव्या वहाणांचा आताचा माग सोडला तर, काठावर दोनच माग उरले होते. एक शिदूच्या जुन्या वहाणांचा, वरून आलेला आणि शिळेशी संपलेला. दुसरा चार बोटांच्या पावलाचा. तो विहिरींच्या जागी इकडेतिकडे सांडलेला होता, पण खेळातून बाहेर जाणारी त्याची ओळ एकच होती. काठामागच्या मातीच्या दरडीपासून शिळेपर्यंत. सगळ्या पावलांची बोटं नदीकडे होती आणि शिळेच्या पुढे पाणी होतं.

अर्थ सगळ्यांनाच कळला. राही खाली बसली.

"ह्या वहाणा कुणी घातल्या?" शिदूने विचारलं. "ज्यानं घातल्या त्यानं अजून पुसलं न्हाई."

मग मागून तुळशी पुढे आली. "आबा, म्या घातल्या. खुंटीवरनं इचारल्याबिगर आणल्या." आणि मग जे तिच्या तोंडातून फुटलं ते सगळं एका दमात. "सगूला पाठुंगळी घेतली, दोघींचा एक माग व्हावा म्हनून. शिळेपातूर आणली. शिळेवर ठिवली आन् म्हनलं, आता तू चोर, जा लप. म्या पान्यातनं गेले. मग आभाळ आलं. मला वाटलं, ती कुणाला ना कुणाला घावली आसंल."

लोक तिच्यावर धावले असते, पण शिदूने हात वर केला. तो शिळेकडे बघत होता. मघापासूनचा घोळ त्याच्या डोक्यात अजून फिरत होता, पण आता त्याला मधे एक टोक सापडलं होतं. ही पोर सगुणीला पाठुंगळी घेऊन शिळेपर्यंत आली. म्हणजे सगुणी शिळेपर्यंत चालत आलेली नाही. मग ही दरडीकडून शिळेकडे चालत आलेली पावलं कुठली? आणलेलं लेकरू पुन्हा चालत कसं येईल?

तो पुढे जाऊन पहिल्या पावलाशी वाकला. टाच उथळ आणि बोटं खोल. चवडा आधी टेकलेला, आणि चिखल टाचेमागे न सरकता बोटांपुढे सरकलेला. काल सारवलेल्या अंगणात हेच पाऊल उमटलं होतं, तेव्हा त्याने ते हसत हसत बघितलं होतं. ती नदीकडे आलीच नव्हती. ती नदीकडे तोंड करून, एकेक पाऊल जपून मागे टाकत, शिळेकडून दरडीकडे गेली होती. आबाने शिकवलं होतं तसं.

शिदू दरडीकडे धावला. ओळ दरडीच्या तोंडाशी संपत होती. तिथे नुसती मातीची भिंत दिसत होती. त्याने हाताने चाचपलं तेव्हा ती भिंत हलली. थोरल्या पोरांनी दरडीत लपायला एक कोनाडा कोरला होता आणि त्याला फोकांचं दार विणून वरून चिखल लिंपला होता, असा की जवळून जाणाऱ्यालाही दिसू नये. धाकट्यांना तो ठाऊक नाही, अशीच त्यांची समजूत होती. शिदूने ते दार उपसून फेकलं.

आत सगुणी उभी होती. परवा पोरांनी नदीपासून त्या कोनाड्यापर्यंत एक पाट खणला होता आणि कोणीच न बुजवल्यामुळे तो तसाच राहिला होता. चढती नदी त्या पाटाने आत शिरली होती. पाणी सगुणीच्या मांड्यांपर्यंत आलं होतं. ओठ निळे पडले होते, हनुवटी थडथडत होती. आईच्या हाका तिने ऐकल्या होत्या, गावाच्या ऐकल्या होत्या, आबाच्याही ऐकल्या होत्या. पण चोर हाकेला ओ देत नाही.

तिने आबाकडे बघितलं आणि चिखलाने भरलेला हात पुढे केला.

"आबा, हरला न्हवं?"

शिदूने तिला उचललं. पंचक्रोशीत ज्याला कुठल्या चोराने हरवलं नव्हतं तो माणूस तिच्या खांद्यात तोंड खुपसून रडला आणि म्हणाला, "हरलो गं माझे आई. साफ हरलो." त्याने एका हाताने पिशवी चाचपली. गूळ भिजून पातळ झाला होता. तो त्याने तसाच बोटावर घेऊन तिच्या तोंडात घातला. ती आईच्या कडेवर जाते न जाते तोच पाण्याचा लोंढा दरडीला भिडला आणि तो कोनाडा, ते दार, तो पाट, सगळं घेऊन गेला.

तुळशीला शिदूने काही बोल लावला नाही. लावणार कुठल्या तोंडाने? पूर ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी गावातली सगळी पोरं शिदूने काठावर जमवली. पुराने काठ कोरा केला होता. पोरांना वाटलं, आता खेळ बंद. शिदू म्हणाला, खेळायचं तसंच खेळा, चिखल काय कोणाच्या बापाचा नाही. मग तो शिळेपासून दहा पावलं चालत गेला, राहीच्या हातून डहाळी घेतली आणि पाठमोरा, वाकून, आपली दहा पावलं पुसत शिळेपर्यंत परत आला. साठीतला माणूस, कंबर धरून. राहीने त्याच्या पायांवर पाणी घातलं. तो मरेपर्यंत रोज गुरं परतायच्या वेळेला काठावर आला आणि रोज पहिली पुसणी त्यानेच केली, असे सांगतात. तो गेला त्या दिवशी पोरांनी आधी त्याचा वाटा पुसला आणि मग आपला. त्याचा वाटा म्हणजे नेमकं काय पुसलं, त्या दिवशी तर तो आलाच नव्हता, हे मात्र आजवर कोणाला नीट सांगता आलेलं नाही. विचारलं की लोक म्हणतात, पुसलं खरं.

आजही पुसणी झाली की पोरं शिळेवर उभी राहून काठ निरखून बघतात. कुठे पाऊल उरलेलं दिसलं की पुसण्याआधी विचारतात, "कोण राहिलं?" आणि ते पोर सापडेपर्यंत कोणी घराकडे पाऊल टाकत नाही. आणि आता ती मघाची गोष्ट. सगळा काठ कोरा झाला की त्यांतलं सगळ्यांत धाकटं पोर नदीकडे तोंड करून शिळेपासून दरडीपर्यंत उलटं चालत जातं आणि लपतं. ती एक ओळ लगेच कोणी पुसत नाही. त्या वेळी काठावर जो वयाने सगळ्यांत मोठा असेल त्याने ती ओळ धरून जायचं, लेकरू शोधायचं, त्याच्यापुढे "हरलो" म्हणायचं आणि मग परत येताना ती ओळ आणि आपली पावलं, दोन्ही पुसायची.

पाणंदीत घंटा वाजून गेली, ऐकलीत का? बोलता बोलता पुसणीही उरकली. ती बघा ओळ. धाकट्या तानूची आहे, मागच्या महिन्यात चार वर्षांची झाली. आज इथे माझ्याहून थोर तुम्हीच दिसता, तेव्हा उठा. हाका मारू नका, ती ओ देणार नाही. बोटं नदीकडे आहेत म्हणून नदीकडे जाऊ नका. आणि हा गुळाचा खडा जवळ असू द्या.